आधी अंतर मोजा, मग पैसे मोजा: जीपला ऑफरोडसाठी शॉकअप कसा निवडायचा आणि कसा बसवायचा

जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या अंगाला आमच्या ओळखीतल्या एका काकांचा गोठा आहे. मेन रोड सोडला की तिथवर दीडेक किलोमीटर वाट, पावसाळ्यात तिला वाट म्हणायचं म्हणून म्हणायचं, खरं तर ओढाच वाहत असतो. दोन वर्षांमागं श्रावणात पेंडीची सहा पोती मागं टाकून तिकडं चाललो होतो, जांभ्याच्या एका पायरीवरून मागचं चाक धप्पकन खाली बसलं आणि टण्ण असा आवाज झाला. वाटलं दगड लागला. थोडं पुढं गेल्यावर गाडी मागनं होडीसारखी डुलायला लागली. उतरून वाकून बघितलं तर शॉकअपची खालची पिन मुळापासनं तुटलेली, दांडा वाकलेला आणि शॉकअप चॅसीला नुसता लोंबकळत होता. बसवून महिनासुद्धा झाला नव्हता. घेताना दुकानात सांगितलेलं, दोन इंच लिफ्टचा (म्हणजे दोन इंच उंच केलेल्या गाडीचा) आहे, तुमच्या जीपला बसतो. बसला होता खरा, पिना जुळल्या, नट आवळले, गावात चालवताना मस्त वाटत होता.

दुसऱ्या दिवशी हळूहळू बेळगावला आणून उद्यमबागेत ज्या मामांकडं मी लेथचं काम करून घेतो त्यांच्या शेडमध्ये गाडी लावली. मामांनी तुटलेल्या पिनकडं बघितलंच नाही, टॉर्च घेऊन थेट चॅसीखालच्या बम्प स्टॉपच्या रबरावर मारली. "हे बघ गा, रबरावर लाल माती तशीच हाय. एकदा तरी एक्सल येऊन टेकलाय का याला? याचं काम तुझा शॉकअप करत होता की."

तेवढं एक वाक्य कळलं आणि मग बाकीचं सगळं कळत गेलं. चाक वर आलं तर त्याला थांबवायचं बम्प स्टॉपनं. चाक खाली लोंबलं तर त्याला थांबवायचं पाट्यानं (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि शॅकलनं (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी हलती कडी), कॉइल स्प्रिंगच्या गाडीत मात्र बऱ्याचदा शॉकअपच थांबवतो. पाट्याच्या गाडीत शॉकअपनं फक्त या दोन टोकांच्या मधला वेग आवरायचा, वरचं टोक पण त्याला लागता कामा नये आणि खालचं पण. हा लेख सगळा याच एका गोष्टीभोवती आहे, कारण आपल्याकडं शॉकअप विकत घेताना लोक कंपनी विचारतात, रंग बघतात, किंमत पाडतात, पण गाडीखाली टेप घेऊन जाणारा विरळाच.

शॉकअप काय करतो आणि काय करत नाही

गाडीचं वजन पाटे उचलतात नाहीतर स्प्रिंग उचलते. शॉकअपच्या आत तेल असतं, दांड्याच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि त्यावर पातळ चकत्यांचे व्हॉल्व्ह. चाक हललं की पिस्टन तेलातून ढकलला जातो, तेल त्या भोकांतून मुश्किलीनं जातं आणि उडी मारायची ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून खराब रस्त्यावर लांब चालवल्यावर चांगला शॉकअप तापतो, तापलाच पाहिजे.

त्यामुळं गाडी मागनं बसलीय म्हणून शॉकअप बदलायला जाऊ नका, ते पाट्याचं दुखणं आहे, पाटेवाल्याकडं जा. गॅसचा शॉकअप थोडा वर ढकलतो पण तो लिफ्ट नव्हे. आणि गाडी फार आदळते असं वाटत असलं तर खर्च करायच्या आधी टायरची हवा बघा. माझ्या बघण्यातले कितीतरी जण खडीच्या रस्त्यावर ३५ पीएसआय भरून फिरतात आणि शॉकअपला शिव्या देतात. खराब वाटेवर हवा २० च्या आसपास आणली की अर्धी तक्रार तिथंच संपते, फक्त डांबरीवर यायच्या आधी परत भरायची, छोटा पंप गाडीत ठेवा. हवा झाली की मग पाट्याचे बुश (पिनवरची रबरं), शॅकलच्या पिना, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट हे हातानं हलवून बघा. झिजलेल्या शॅकलच्या गाडीला कितीही भारी शॉकअप घातला तरी खडखड जात नाही.

जुना शॉकअप मेलाय का हे ओळखायची एक साधी युक्ती सांगतो. बंपर दाबून सोडायचा आणि किती वेळा डोलते ते मोजायचं ही पद्धत पाट्याच्या जीपला फारशी उपयोगाची नाही, पाटे एकमेकांवर घासूनच गाडी थांबवतात. त्यापेक्षा दहा-एक किलोमीटर खडबडीत रस्त्यावर चालवा, उतरा, आणि चारही शॉकअपच्या अंगाला उलटा हात जवळ नेऊन बघा, एकदम घट्ट धरू नका, चटका बसतो. तीन गरम आणि एक गार असेल तर गार तो गेलाय. नुसता तेलकट ओलसरपणा दिसला तर घाबरू नका, दांड्यासोबत थोडं तेल येतंच, पण ओघळ येऊन खाली थेंब लटकत असेल तर संपलं. आणि टायरवर हात फिरवल्यावर खड्डा-उंचवटा, खड्डा-उंचवटा असं लागत असेल तर चाक रस्त्यावर टिकत नाहीये, उड्या मारतंय.

तुमची गाडी कुठल्या जातीची

आपल्या भागात दिसणाऱ्या गाड्या बघायच्या तर जुनी महिंद्रा एमएम ५४० सारखी जीप आणि मारुती जिप्सी, या दोन्हीला पुढं-मागं पाटेच. जुनी थार सीआरडीई, म्हणजे २०२० च्या आधीची, तिला पुढं टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि मागं पाटे. २०२० पासूनच्या थारला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आणि जिम्नीला पुढं-मागं सरळ एक्सल पण कॉइलवर.

हे कशाला सांगतोय तर पाट्याच्या गाडीत पाट्यांचं घर्षणच थोडंफार शॉकअपचं काम करतं, शॉकअप कमजोर झाला तरी गाडी चालवून घेता येते. कॉइलमध्ये घर्षण जवळजवळ नाही, सगळा भार शॉकअपवर, तिथं चुकीचा निवडला की लगेच कळतं. दुसरं म्हणजे नव्या थारला पुढं स्प्रिंगच्या आतच शॉकअप असतो, स्प्रिंग दाबून ठेवायचं हत्यार लागतं, ती दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, ते काम घरी करू नका. खाली जे सांगतोय ते मुख्यतः पाट्याच्या गाड्यांसाठी आणि जिथं शॉकअप वेगळा उभा असतो अशा गाड्यांसाठी.

मोजणी

हे काम रविवारी सकाळी सावकाश करायचं. सपाट फरशी किंवा सिमेंटचं अंगण, चांगला जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), चाकांना लावायला दगड किंवा लाकडी ठोकळे, टेप, खडू आणि एक माणूस मदतीला. जॅकवर उभी असलेल्या गाडीखाली कधी जायचं नाही, घोड्या लावल्याशिवाय नाहीच.

पहिलं माप, गाडी चारी चाकांवर नेहमीच्या वजनासकट उभी असताना. नेहमीच्या वजनासकट म्हणजे स्टेपनी, हत्यारांची पेटी, मागं पोती नेत असाल तर पोती सुद्धा. वरच्या पिनच्या मध्यापासून खालच्या पिनच्या मध्यापर्यंत टेप लावा. चारही ठिकाणी वेगवेगळं लिहा, डावं-उजवं सारखं असेलच असं नाही, ड्रायव्हरच्या बाजूचे पाटे बहुतेक जास्त बसलेले असतात.

दुसरं माप, चाक पूर्ण वर असताना. इथं बरेच जण चुकतात. बम्प स्टॉपचं रबर जोरात आपटल्यावर निम्म्याच्या आसपास दबतं, त्यामुळं एक्सल रबराला नुसता टेकल्यावरचं माप धरलं तर तुम्ही दोन-अडीच सेंटीमीटरनं फसता. मामांची पद्धत अशी, रबर काढून टाकायचं, रबराच्या निम्म्या उंचीचा लाकडाचा ठोकळा तिथं धरायचा आणि एक्सल त्या ठोकळ्याला टेकेपर्यंत वर न्यायचा. पण पाटे पूर्ण असताना जॅकनं एक्सल एवढा वर जात नाही, गाडीच उचलली जाते. म्हणून मागची चॅसी घोड्यांवर घ्यायची, शॉकअप सोडायचे, पाट्याचा जुडगा सोडून फक्त मेन पाटा ठेवायचा, मग एका माणसाला जॅकनं एक्सल आरामात वरखाली करता येतो. खटाटोप आहे, खोटं सांगत नाही, पण पाटे उघडलेच आहेत तर गंज घासून ग्रीस पण लावून होतं. तेवढं करायचं नसेल तर एक चाक उंच दगडावर चढवा, तिरकं समोरचं चाक दुसऱ्या दगडावर, वजन टाका आणि जेवढं वर जातंय तेवढं मोजा, उरलेलं ठोकळ्यापर्यंतचं अंतर टेपनं काढून वजा करा.

तिसरं माप, चाक पूर्ण खाली लोंबत असताना. चॅसी घोड्यावर, शॉकअप काढलेला, एक्सल सावकाश खाली सोडायचा. सोडताना एका डोळ्यानं ब्रेकच्या रबरी पाइपकडं बघत राहा. तो ताणला जात असेल तर तिथंच थांबा, तुमची खालची हद्द ती, पाइप लांब केल्याशिवाय त्याच्या पुढं जायचं नाही. प्रॉपेलर शाफ्टचा (एक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याचा) सरकता सांधा किती बाहेर आलाय तेही बघून घ्या.

आता हिशेब. माझ्या जीपच्या मागचे आकडे आले ते असे, उभी असताना ४१० मिलिमीटर, पूर्ण वर ३४०, पूर्ण खाली ५००. म्हणजे शॉकअपला दाबल्यावर ३४० पेक्षा लहान व्हायला पाहिजे आणि ओढल्यावर ५०० पेक्षा मोठा. दोन्हीकडं १५ मिलिमीटर मोकळीक ठेवली तर दाबलेली लांबी जास्तीत जास्त ३२५ आणि ओढलेली कमीत कमी ५१५. मधला फरक, म्हणजे स्ट्रोक, १९० झाला.

इथं अजून एक गोम आहे. ३२५ मधून १९० वजा केले तर राहतात १३५. एवढ्या जागेत दोन्हीकडचे डोळे (पिन जाते ती गोल कडी), सील, पिस्टन सगळं मावलं पाहिजे, कारण शॉकअप स्वतःच्या अंगापेक्षा जास्त दबू शकत नाही. साध्या दोन नळीच्या शॉकअपमध्ये १३५ मध्ये जमतं. एका नळीच्या हाय प्रेशर गॅसवाल्यात तेलाच्या मागं गॅसचा कप्पा आणि सरकता पिस्टन असतो, त्याला जास्त लांबी लागते, म्हणून तेवढ्याच स्ट्रोकचा तो इथं मावत नाही, त्यासाठी वरचा माउंट, म्हणजे शॉकअप अडकवायची जागा, उंच न्यावा लागतो. कॅटलॉगमध्ये दाबलेली आणि ओढलेली अशा दोन्ही लांब्या मागून घ्या. जो दुकानदार या दोन लांब्या देऊ शकत नाही त्याच्याकडनं घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं.

समजा ३३५ दाबलेली आणि ५३५ ओढलेली असा मिळतोय. वरच्या टोकाला फक्त ५ मिलिमीटर राहतात, धोका आहे. मग बम्प स्टॉपखाली १५ मिलिमीटरची लोखंडी चकती घालायची, एक्सल तेवढा आधी थांबेल. थोडी हालचाल कमी झाली तरी चालेल, शॉकअप वाचतो. माझ्या तुटलेल्या शॉकअपची दाबलेली लांबी नंतर मोजली, ३६० निघाली. म्हणजे एक्सल ठोकळ्यापर्यंत जायच्या २० मिलिमीटर आधीच शॉकअप तळाला लागत होता, आणि सहा पोत्यांचं वजन त्या एका पिनवर.

आणखी एक, उभ्या गाडीत शॉकअपचा दांडा साधारण मधोमध असावा, निम्मा वर जायला निम्मा खाली यायला. लोक लिफ्ट करतात आणि जुनेच शॉकअप ठेवतात, मग उभी असतानाच दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर असतो, चाक खड्ड्यात गेलं की शॉकअप त्याला वरच धरून ठेवतो आणि चाक हवेत.

कुठला घ्यायचा

तेलाचा साधा दोन नळीचा सगळ्यात स्वस्त. लांब खडबडीत रस्त्यावर तेल आणि हवा घुसळून फेस होतो आणि फेस झाला की पकड जाते, गार झाला की परत नीट. दोन नळीचाच पण आत कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला असला तर फेस बराच कमी होतो. एका नळीचा हाय प्रेशर, याच्यात तेल आणि गॅस सरकत्या पिस्टननं वेगळे ठेवलेले, उष्णता लवकर बाहेर जाते, फेस होत नाही. त्याच्या पुढं बाहेर डबा असलेले रिझर्व्हॉयरवाले, ते रॅलीसाठी, वाळवंटात तासन्तास पळवणाऱ्यांसाठी.

आता आपलं वापरणं बघा. खानापूर तालुक्यातला पश्चिम भाग, जांबोटी, कणकुंबी, नेरसे, किंवा हद्द ओलांडून चंदगड, इथं वाटा दगडाच्या, चिखलाच्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या. वेग नाही म्हणून शॉकअप फार तापत नाही, पण दगड लागतात. एका नळीच्या शॉकअपची बाहेरची नळी हाच सिलिंडर, तिला दगडाचा पोचा पडला की पिस्टन अडकतो, कामातून गेला. दोन नळीच्याला बाहेरून थोडा पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते. म्हणून आमच्या बाजूला गॅस भरलेला दोन नळीचा हाच माझ्या मते बरोबर, आणि उरलेले पैसे माउंट नीट करण्यात घाला. सौंदत्ती, रामदुर्गकडच्या सपाट मुलखात कच्च्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगानं तासभर पळवत असाल, रस्त्यावर पत्र्यासारख्या नाळ्या पडलेल्या असतात ना, तिथं मात्र एका नळीचा पैसे वसूल करून देतो.

कंपन्यांबद्दल सगळेच विचारतात. गॅब्रिएलचे आपल्याकडं कुठंही मिळतात, कंपनीच्या उंचीच्या गाडीला पुरतात. ओल्ड मॅन एमू, टफ डॉग, आयर्नमॅन हे ऑस्ट्रेलियाचे, बिलस्टीन जर्मनीचे, प्रोफेंडर थायलंडचे, यातल्या कुणाचंही नाव तुमची मापं बदलू शकत नाही. महागडा चुकीच्या लांबीचा घेण्यापेक्षा स्वस्त पण बरोबर लांबीचा घ्या.

कडकपणाबद्दल. शॉकअप दाबताना वेगळा आणि उघडताना वेगळा विरोध करतो. उघडतानाचा बहुतेक जास्त असतो कारण दाबलेल्या पाट्यानं परत मारलेली उसळी त्याला आवरायची असते. पाटा वाढवला म्हणजे उसळी वाढली, म्हणून उघडतानाचा विरोध वाढलेला पाहिजे. मोठे जड टायर घातले तरी तसंच, जड चाक आवरायला ताकद लागते. पण उघडताना फारच कडक झाला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला खाली यायला वेळ मिळत नाही, गाडी दर खड्ड्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपवर आपटत चालते. दुकानात विचारताना "हार्ड पाहिजे की सॉफ्ट" एवढ्यावर थांबू नका, पाटे किती, टायर कुठला, मागं वजन किती ते सांगा. कायम रिकामी फिरणारी जीप आणि दूध-पेंड वाहणारी जीप, दोघींना एकच शॉकअप शोभत नाही.

माउंट

जुन्या जीपला खालची पिन यू-बोल्टच्या प्लेटवर असते, म्हणजे एक्सलच्याही खाली, सगळ्यात आधी दगड तिलाच लागतो. ती पिन एकाच बाजूनं धरलेली, दुसरं टोक मोकळं. लांब शॉकअप घातला की तिच्यावर जोर वाढतो आणि ती मुळाशी वाकते, माझी तिथंच तुटली. मामांनी जे करून दिलं ते असं, ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे दोन कान, मधे शॉकअपचा डोळा, आरपार १२ मिलिमीटरचा ८.८ मार्कचा (मजबूत) बोल्ट आणि नायलॉकचा, म्हणजे सहज सैल न होणारा नट. दोन्हीकडून धरल्यामुळं वाकायचा प्रश्न नाही. आणि कान एक्सलच्या नळीवर थोडे वरच्या बाजूला, म्हणजे दगडापासून लांब.

जागा ठरवताना तीन गोष्टी. खालचं टोक चाकाच्या जितकं जवळ तितकं चांगलं, कारण एकच चाक वर गेल्यावर आत असलेला शॉकअप कमी हलतो. शॉकअप जितका उभा तितका कामाचा. वरचं टोक आत कलवावं लागतंच कधी कधी, चॅसी मधे येते, पण त्याची किंमत कळली पाहिजे, उभ्यापासून २० अंश कलला तर साधारण ८८ टक्के काम मिळतं, ३० अंशाला ७५ टक्के आणि ४५ अंशाला निम्मंच. म्हणून २०-२५ च्या पुढं जाऊ नका. तिसरं, मागच्या एक्सलला एक शॉकअप एक्सलच्या पुढून आणि दुसरा मागून लावला तर चढावर जोर दिल्यावर पाट्याच्या गाडीचा एक्सल जो पिळतो आणि थडथड उड्या मारतो ते कमी होतं.

जागा ठरली की टाचून बघायचं, म्हणजे दोन थेंब वेल्डिंग मारून एक्सल पूर्ण वर, पूर्ण खाली, एक बाजू वर एक खाली असा फिरवायचा, पुढं असेल तर स्टीअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून. टायर, ब्रेक पाइप, सायलेन्सर कशाला लागत नाही ना बघायचं. मगच पक्कं वेल्डिंग.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा. शॉकअप काढून लांब ठेवा, दांड्याच्या चकचकीत क्रोमवर एक ठिणगी चिकटली तरी तो खरवडा पुढं सील फाडतो. डिफरन्शिअलचा मधला गोळा ओतीव लोखंडाचा असतो, त्याच्यावर वेल्डिंग मारू नका, नळीवर मारा, आणि एकदम सलग न मारता थोडं इथं थोडं तिथं, गार होऊ देत, नाहीतर नळी वाकते. चॅसीवर वरचा माउंट करताना एका छोट्या तुकड्यावर भार न देता मागं लांबट प्लेट घ्या. डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप कुठनं गेलाय हे हातानं चाचपून बघितल्याशिवाय कटर चालू करायचा नाही.

बुश. रबर की पॉली (पॉलियुरेथेन)? पॉली टिकाऊ, पण कडक, आणि आपल्या लाल चिखलात कुईकुई करते. जास्त वाकणाऱ्या गाडीत डोळ्याला थोडं तिरकं व्हावं लागतं, रबर ते सोसतं, पॉली बोल्टवर जोर टाकते. मी रबरच वापरतो आणि बदलत राहतो, स्वस्त पडतं.

बसवायचा दिवस

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. आमच्याकडच्या पावसानं खालचे नट दगड झालेले असतात, सकाळी नुसती ताकद लावली तर पिनच तुटते.

एका वेळी एकच बाजू काढा आणि एक्सलला खालून जॅकचा आधार ठेवा. कॉइलच्या गाडीत तर हे विसरूच नका, तिथं शॉकअपच एक्सलला लोंबण्यापासून धरून ठेवतो, काढला की एक्सल पडतो, ब्रेक पाइप ताणतो, स्प्रिंग जागेवरून निघते.

नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, दोन नळीच्यात हवा चुकीच्या ठिकाणी गेलेली असते. उभा धरा, जसा गाडीत बसणार तसाच, आणि पाच-सहा वेळा पूर्ण ओढून पूर्ण दाबा. सुरुवातीला मधेच पोकळ गेल्यासारखं लागतं, हळूहळू सगळीकडं सारखा जड लागायला लागतो, तेव्हा तयार. परत आडवा ठेवू नका, लगेच लावा. साधा दोन नळीचा उलटा लावायचा नाही. गॅसवाल्याला पट्टी बांधलेली येते, ती दोन्ही टोकं लागल्यावरच कापा.

वरच्या टोकाला उभा दांडा आणि दोन रबरं असतील तर नट आवळताना रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगलं की थांबायचं. रबर चिरडून पातळ केलं की महिन्याभरात फाटतं.

डोळ्याच्या बोल्टचं मात्र उलटं, तो लोंबत्या एक्सलवर आवळायचाच नाही. नुसता हातानं घालून ठेवा, गाडी चारी चाकांवर उभी करा, दोन माणसं चढवून चार वेळा हलवा, आणि मग खाली सरकून पूर्ण आवळा. कारण बऱ्याच बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, आणि लोक म्हणतात नवे बुश तीन महिन्यांत गेले. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असतानाच आवळून मोकळे होतात, तिथं उभं राहून सांगा, राग आला तरी चालेल.

दांड्यावर रबरी बेलो (घड्यांचं आवरण) चढवून येतात काही शॉकअप. छान दिसतं, पण आपला चिखल एकदा आत गेला की वाळतो आणि दांडा खालीवर होताना पॉलिश पेपरसारखा घासतो. मी काढून टाकले. बेलो ठेवायचाच असेल तर खाली पाणी जायला भोक पाडा आणि प्रत्येक वेळी आत पाण्याचा पाइप मारा.

कागदपत्रांचं थोडं. त्याच मापाचा शॉकअप बदलणं ही दुरुस्ती झाली, पण उंची वाढवणं, चॅसीला कापकूप हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं, आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई केलीय. आपल्या केए २२ च्या (बेळगाव पासिंगच्या) गाड्या सारख्या महाराष्ट्रात आणि गोव्यात जात-येत असतात, नाक्यावर अडवलं तर उत्तर द्यायला आपल्यालाच लागतं, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं हेच बघतात. म्हणून लिफ्टच्या नादाला न लागता आहे त्या उंचीत हालचाल बरोबर वापरणं हेच मी सगळ्यांना सांगतो. हेम्मडग्याकडचं भीमगडचं जंगल अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथं रस्ता सोडून गाडी घालायची नाही, टेस्टिंगसाठी सुद्धा नाही.

टेस्टिंग शेतातच करा. ऊस तुटून गेलेल्या रानात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या असतात, त्याच्याइतकी चांगली जागा नाही, तिरकी घातली की एक चाक वर एक खाली आपोआप होतं. जायच्या आधी प्रत्येक शॉकअपच्या उघड्या दांड्यावर एक बारीक केबल टाय आवळून तो सरकवत सीलपर्यंत आणा. फिरून आल्यावर गाडी सपाट उभी करून बघा, टाय दांड्यावर जिथं ढकलला गेलाय तिथपर्यंत शॉकअप दबला होता. टाय आणि वरच्या टोकाच्या मधे बोटभर तरी दांडा कोरा राहिला पाहिजे, आणि त्याच वेळी बम्प स्टॉपच्या रबरावर एक्सल टेकल्याचा ताजा डाग दिसला पाहिजे. डाग नाही आणि टाय वरच्या टोकाला जाऊन चिकटलाय, तर गाडी तशीच चालवू नका, बम्प स्टॉपखाली चकती घाला आणि परत त्याच चाकोरीत फिरवून आणा.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत पान्यानं बघायचे, पाटे उघडले असतील तर यू-बोल्ट पण, ते हमखास थोडे फिरतात. आणि चिखलातनं आल्यावर त्याच संध्याकाळी विहिरीच्या मोटरचा पाइप लावून दांडे धुवायचे, चिखल ओला असताना, एका चाकाला दोन मिनिटं लागतात. माझे आताचे शॉकअप बसवून दुसरा पावसाळा चाललाय, काकांच्या गोठ्याकडं त्याच वाटेनं पेंड जातेय, आणि बम्प स्टॉपच्या रबरावर आता एक्सलचा काळा गोल डाग उमटलेला आहे.